एक आयव्ही भिंतीवर चढते, दुसरी अंगावर उठते

आपण ज्याची भाजी करतो त्या तोंडल्याला इंग्रजीत आयव्ही गोर्ड म्हणतात. दिवाणखान्यात पाण्याच्या बाटलीत वाढणारा मनी प्लांट म्हणजे डेव्हिल्स आयव्ही. अमेरिकेत रानातल्या पायवाटेवर जिला पोटरी घासली की दोन दिवसांनी फोड येतात ती पॉयझन आयव्ही. तिथल्या जुन्या विद्यापीठांच्या विटांच्या भिंती झाकून टाकते ती बॉस्टन आयव्ही. आणि युरोपातल्या चर्चवर, पडक्या किल्ल्यांवर, ओकच्या खोडांवर बारमाही हिरवी असते ती नुसती आयव्ही.

पाच वेली आणि पाच वेगळी कुळं. तोंडलं काकडीच्या कुळातलं, मनी प्लांट अळूच्या, पॉयझन आयव्ही आंब्या-काजूच्या, बॉस्टन आयव्ही द्राक्षाच्या, आणि खरी आयव्ही जिनसेंग या औषधी मुळीच्या कुळातली. नाव मात्र सगळ्यांचं एकच, कारण नाव देणाऱ्यांनी मुख्यतः एकच गोष्ट पाहिली: वेल वर चढते. हा घोळ सामान्य माणसांनीच घातला असंही नाही. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया क्रीपरलाही खऱ्या आयव्हीच्याच प्रजातीत, म्हणजे हेडेरात टाकलं होतं. ती द्राक्षाच्या कुळातली आहे हे नंतर नीट मांडलं गेलं, आणि तिचं आजचं शास्त्रीय नाव १८८७ साली आलं.

म्हणून आयव्ही म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो कुळाचा. कुळ कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं: ही भिंतीला कशी धरते, भिंतीचं काय करते, खाता येते का आणि मुळात हात लावावा का.

खरी आयव्ही

शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. मूळ घर युरोप आणि पश्चिम आशिया. हेडेरा प्रजातीत अशा डझनभर तरी जाती आहेत. त्यातली हेडेरा नेपालेन्सिस ही आपल्या हिमालयातली. हिमाचल, उत्तराखंडाच्या डोंगरांत झाडांवर आणि कातळांवर चढलेली दिसते. युरोपातल्या आयव्हीची फळं पिकल्यावर काळी होतात, हिमालयातलीची पिवळसर-नारिंगी.

तिच्यामागे एक जुनी गोष्टही आहे. सिकंदर हिंदुकुश ओलांडून पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात आला तेव्हा नायसा नावाच्या गावाजवळच्या डोंगरावर त्याच्या सैनिकांना आयव्ही दिसली. आयव्ही ही डायोनिसस या ग्रीकांच्या मद्यदेवाची खूण. कित्येक दिवसांत ती नजरेला पडली नव्हती. सैनिकांनी तिथेच तिच्या माळा करून डोक्यावर घातल्या आणि देवाची गाणी म्हटली, असं ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो. घरापासून हजारो मैलांवर ओळखीचं पान दिसल्यावर माणसाचं काय होतं, हे परदेशात राहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

आयव्हीची सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे तिला दोन वयं असतात आणि दोन वयांत ती दोन वेगळ्या वनस्पती वाटाव्यात इतकी बदलते. कोवळ्या वयात पानाला तीन ते पाच टोकं असतात, फांदी सरपटते किंवा चढते, आणि जिथे भिंत लागेल तिथे बारीक मुळं फुटतात. पुरेशा उंचीवर पोचून भरपूर ऊन मिळू लागलं की वरच्या फांद्या प्रौढ होतात. मग पानांची टोकं जातात, पान साधं अंडाकृती होतं, फांदी स्वतःच्या बळावर झुडपासारखी उभी राहते आणि चिकटणारी मुळं येणं थांबतं. फुलं फक्त याच फांद्यांना येतात. अशा प्रौढ फांदीची काडी लावली तर तिच्यापासून होणारं रोप बहुधा झुडूपच राहतं, वेल होत नाही. एकाच झाडाच्या खालच्या आणि वरच्या फांदीचं पान शेजारी ठेवलं तर अनोळखी माणूस दोन झाडं म्हणेल.

फुलं येतात शरद ऋतूत, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. हिरवट-पिवळी, गोल गुच्छातली, दिसायला साधी. पण त्या वेळी युरोपात बाकीचा फुलोरा सरलेला असतो, म्हणून मधमाश्या, गांधीलमाश्या आणि फुलपाखरं सगळी तिथे गोळा होतात. मधपाळांना मात्र हा मध त्रासाचा: पोळ्यातच गोठून इतका घट्ट होतो की काढणं जड जातं. एक एकांडी (पोळं न करता एकटी राहणारी) मधमाशी तर मुख्यतः आयव्हीच्या फुलांवरच जगते. शास्त्रज्ञांनी तिची वेगळी जात म्हणून नोंद केली ती थेट १९९३ साली, आणि इंग्लंडात ती पहिल्यांदा आढळली २००१ मध्ये. इतक्या पिढ्या अंगणात असलेल्या वेलीवरही नवं काही सापडतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

ती भिंतीला धरते कशी

इथे थोडं जवळून पाहू. कोवळ्या फांदीची भिंतीकडची बाजू पाहिली तर ओळीने फुटलेली, काही मिलिमीटर लांबीची पांढुरकी मुळं दिसतात. ती पाणी शोषायची मुळं नाहीत, पकडायची आहेत. मूळ आधी पृष्ठभागाला टेकतं. मग त्याचा आकार खालच्या खडबडीत भागाप्रमाणे बदलतो आणि जितकी जास्त जागा टेकवता येईल तितकी ते टेकवतं. तिसऱ्या टप्प्यात मुळावरच्या केसांतून पिवळसर चिकट द्रव पाझरतो. हा द्रव चार्ल्स डार्विननेही पाहून ठेवला होता. शेवटी ते केस सुकतात, आणि सुकताना पिळवटून भिंतीच्या सूक्ष्म भेगांत आकड्यासारखे अडकून बसतात. म्हणजे डिंकाने चिकटवणं आणि आकड्याने अडकवणं ही दोन्ही कामं एकच मूळ करतं.

त्या डिंकात काय असतं, हे गेल्या काही वर्षांतच उलगडलं. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यात अरॅबिनोगॅलॅक्टन नावाच्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म गोल कण असतात. कण इतके बारीक की द्रव पातळ राहतो आणि बारीकसारीक भेगांत सहज शिरतो. मग कॅल्शियमच्या मदतीने त्याचं जाळं बांधलं जातं आणि तो पक्का होतो.

यावरून दोन समज तपासता येतात. पहिला, आयव्ही झाडाचा रस शोषते. नाही शोषत. तिची खरी मुळं जमिनीत असतात, अन्न ती स्वतःच्या पानांत बनवते, खोडावरची मुळं फक्त आधारापुरती. ती बांडगुळ नाही. आजारी किंवा विरळ शेंड्याच्या झाडावर ती जोमाने फोफावते, कारण तिथे ऊन मिळतं. म्हणून मेलेल्या झाडावर आयव्ही दिसली की लोक तिलाच दोष देतात. शेंड्यापर्यंत पोचलेली दाट वेल वजन वाढवते आणि वाऱ्यात झाडावर ताण आणते, हे मात्र खरं.

दुसरा समज, आयव्ही भिंत खाते. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्लिश हेरिटेज या संस्थेसाठी जुन्या वास्तूंवर अभ्यास केला. भिंत धड असेल तर पानांच्या आवरणाखाली ती दिवसा कमी तापते, रात्री कमी गार पडते, आणि धुरातले कण पानांवरच अडकतात, असं त्यात दिसलं. पण भिंतीला आधीच भेग असेल, सांध्यांतला चुना सुटला असेल, तर वेल आत मुसंडी मारते आणि भेग रुंदावते. तेव्हा आधी भिंत तपासायची, मग वेलीचं ठरवायचं. आणि काढायची झाली तर जिवंत वेल ओढून कधी काढू नये, गिलावा सोबत येतो. बुंध्याशी कापावी, वाळू द्यावी, मग उतरवावी.

मूळ प्रदेशाबाहेर हीच वेल फार उपद्रवी ठरते. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलांत ती जमीन झाकते, खाली काही उगवू देत नाही. ओरेगॉन राज्याने २०१० साली तिच्या विक्रीवर बंदी घातली.

द्राक्षाच्या कुळातल्या दोघी

बॉस्टन आयव्हीचा बॉस्टनशी जन्माचा संबंध नाही. ती जपान, कोरिया, चीनची. १८६०च्या दशकात जपानातून इंग्लंडात गेली आणि पुढे बॉस्टनच्या विटांच्या घरांवर इतकी लावली गेली की ते नावच पडलं. तिची पानं थंडीआधी लालभडक होऊन गळतात. खरी आयव्ही बारमाही हिरवी राहते, एवढ्यावरूनही दोघी ओळखता येतात.

ही मुळांनी चढत नाही. तिला द्राक्षासारखे तणावे असतात आणि तणाव्याच्या प्रत्येक टोकाला चिकटणारी बारीक चकती तयार होते. तिची बहीण व्हर्जिनिया क्रीपरही असंच करते. डार्विनने या व्हर्जिनिया क्रीपरचा एक वाळलेला, त्याच्या अंदाजाने किमान दहा वर्षं जुना तणावा तपासला. त्याच्या एका फांदीने दोन पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम वजन पेललं. मेलेल्या तणाव्याची ही ताकद. वेल काढून टाकल्यावरही भिंतीवर चकत्यांचे ठिपके वर्षानुवर्षं का राहतात, ते यावरून कळतं.

आयव्ही लीग हे नावही विद्यापीठांच्या वेलींनी झाकलेल्या इमारतींवरूनच आलं. १९३३ साली न्यूयॉर्कमधले क्रीडा पत्रकार स्टॅनली वुडवर्ड यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या महाविद्यालयांना आयव्ही कॉलेजेस म्हटलं. पुढे आठ विद्यापीठांचा क्रीडासंघ १९५४ साली रीतसर ठरला, आणि आज ज्याला आपण पोरांच्या प्रवेशाचं स्वप्न मानतो ते नाव मुळात खेळाच्या मैदानावरचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकले ते या आठांपैकीच एक, पण त्या काळी हे नाव अस्तित्वातच नव्हतं. त्या भिंतींवरची वेल अनेक ठिकाणी बॉस्टन आयव्हीच असते.

पॉयझन आयव्ही: बिब्ब्याची नातेवाईक

ज्यांची मुलं, भावंडं अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत त्यांनी हा भाग त्यांना जरूर वाचून दाखवावा.

पॉयझन आयव्ही ही आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली. बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होतं हे गावाकडच्या माणसाला ठाऊक असतं: जागा काळी पडते, सुजते, पाणी भरलेले फोड येतात, खाज थांबत नाही. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजून निघते. कैरी उतरवताना देठाचा चीक गालावर उडाला की डाग पडतो. या सगळ्यांमागे एकाच घराण्यातली तेलकट रसायनं आहेत. पॉयझन आयव्हीतल्या रसायनाचं नाव उरुशिऑल. ते पान, देठ, मूळ, खोड सगळीकडे असतं, हिवाळ्यात पानं झडलेल्या वेलीतही असतं.

हे विष पोटात जाऊन मारणारं नाही, ती ॲलर्जी आहे. उरुशिऑल कातडीत मुरतं आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराच्या संरक्षक पेशींना ती प्रथिनं मग परकी वाटतात आणि त्या आपल्याच कातडीवर हल्ला चढवतात. या हल्ल्याला वेळ लागतो. म्हणून पुरळ लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं. आयुष्यातल्या पहिल्याच संपर्कात तर दोन-तीन आठवडेही लागू शकतात. शनिवारी ट्रेकला गेलेला माणूस सोमवारी ऑफिसात खाजवू लागतो आणि कारण दुपारच्या जेवणात शोधतो, ते यामुळे.

ओळख अशी: एका देठावर तीन पानं, त्यातल्या मधल्याचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. हे तीनचे गट फांदीवर समोरासमोर येत नाहीत, आळीपाळीने येतात. फळं बारीक, पांढरट. झाडावर चढलेली जुनी वेल केसाळ दोरखंडासारखी दिसते. व्हर्जिनिया क्रीपरला सहसा पाच पानं असतात. बॉस्टन आयव्हीच्या कोवळ्या फांदीवर मात्र तीन-तीन पानं येऊ शकतात, तेव्हा खात्री नसेल तर हात लावू नये. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना ही वेल सहसा भेटणार नाही. तिथे तिची सख्खी बहीण पॉयझन ओक आहे, तीही तीन पानांची आणि तेवढीच त्रासदायक. इंग्लंडच्या रानात दोघीही नाहीत.

स्पर्श झाल्याची शंका आली तर होईल तितक्या लवकर साबण आणि भरपूर पाण्याने धुवावं. भांड्याचा साबणही चालतो, कारण तेल काढायचं आहे. कपडे, बूट, बुटांच्या नाड्या, बागेची कात्री, कुत्र्याच्या अंगावरचे केस, सगळं धुवावं. या वस्तूंवर उरुशिऑल फार काळ टिकतं आणि पुन्हा पुन्हा लागतं. फोडातलं पाणी लागून पुरळ पसरत नाही, दुसऱ्यालाही होत नाही. आधीच लागलेलं तेल वेगवेगळ्या जागी कमी-जास्त वेगाने परिणाम दाखवतं, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. चेहरा, डोळे, गुप्तांग यांवर उठलं किंवा अंगभर पसरलं तर डॉक्टरकडे जावं, स्टेरॉइड लागू शकतं.

एक गोष्ट कधीही करू नये: उपटलेली वेल जाळू नये. उरुशिऑल धुराबरोबर श्वासात जातं आणि फुप्फुसांना इजा करतं. आपल्याकडे पालापाचोळा पेटवून मोकळं होण्याची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

ज्यांना एकदा पॉयझन आयव्हीचा त्रास झाला त्यांच्यापैकी काहींना आंब्याच्या सालीनेही ओठांभोवती पुरळ येतं. गर सहसा चालतो, पण साल दुसऱ्याने काढून द्यावी. आणि याच कुळाने आपल्याला डिंकाच्या लाडवातली गोडंबीही दिली आहे. ती बिब्ब्याचीच बी. टरफलात जाळणारं तेल आणि आत खाण्याजोगा गर, हे काजूचंही तसंच.

ही वेल हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडवर पोसते आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या जंगलात केलेल्या प्रयोगात जादा कार्बन डायऑक्साइड मिळालेल्या पॉयझन आयव्हीची वाढ झपाट्याने झाली आणि तिच्यातलं उरुशिऑलही जास्त ॲलर्जी आणणाऱ्या प्रकारचं निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या घरातल्या दोन

तोंडल्याला शेतकरी बी पेरून लावत बसत नाहीत, वेलाचे तुकडे लावतात. तणावे साधे, न फुटलेले. चकती नाही, डिंक नाही, नुसते वेटोळे. म्हणून त्याला मांडव लागतो, गुळगुळीत भिंतीवर ते चढू शकत नाही. कोकण-गोव्यात ओले काजूगर घालून तोंडल्याची भाजी करतात, आणि आयव्ही गोर्ड आणि पॉयझन आयव्हीचं भावंड एका कढईत सुखाने शिजतात. हवाईत मात्र हेच तोंडलं उपद्रवी तण म्हणून नोंदलेलं आहे. पक्षी पिकलेली लाल फळं खातात, बिया दूर टाकतात आणि वेल झाडांवर गोधडीसारखी पसरते. तिला आवर घालायला १९९६ साली केनियातून आणलेला एक पतंग सोडला, त्याच्या अळ्या खोड पोखरतात.

मनी प्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा. त्याला फुलं येत नाहीत, अगदी क्वचित कुठे आल्याची नोंद आहे. जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवणारं त्याचं एक जनुक नीट काम करत नाही, हे २०१६च्या संशोधनात कळलं. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर रोपांना फुलं आली. जगभर तो पसरला आहे तो सगळा काड्या तोडून-लावून. आणि खऱ्या आयव्हीसारखी दोन रूपं यालाही आहेत. बाटलीत पान तळहाताएवढं, पण आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढू दिला की पानं हातभर होतात आणि त्यांना चिरा पडतात. मोठी पानं हवी असतील तर त्याला लोंबू देऊ नका, मॉसच्या काठीवर चढवा.

पुण्या-मुंबईत कुंपणाच्या भिंतीला घट्ट चिकटलेली, बारीक पानांची जी हिरवी चादर दिसते ती बहुतेक वेळा आयव्ही नसते. ती फायकस प्युमिला, म्हणजे वड-उंबराच्या कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तीच खूण. तीही मुळांनी चिकटते, आणि वर पोचून वयात आली की तिचीही पानं मोठी, जाड होतात. जिनसेंगचं कुळ, अळूचं कुळ, वडाचं कुळ: तिघांनी एकमेकांशी काही संबंध नसताना चढण्याचा एकच मार्ग शोधला.

नर्सरीत टांगत्या कुंडीत मिळते ती खरी आयव्ही. तिला गारवा लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तिच्या पानांखाली लाल कोळी लागतात, पानं धुरकट होऊन गळतात. दुपारचं ऊन टाळा आणि पानांची खालची बाजू पाण्याने धूत राहा. ती घरातली हवा शुद्ध करते, असं विकणारा सांगेल. तो दावा नासाच्या १९८९च्या प्रयोगातून आला आहे आणि तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हिशोब असा निघाला की घरात खिडक्यांतून जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम कुंड्यांनी साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेव्हा ती आवडते म्हणून आणा, हवेसाठी खिडकी उघडा.

खोकल्याच्या काही औषधांवर आयव्ही लीफ एक्स्ट्रॅक्ट लिहिलेलं असतं, ते याच हेडेरा हेलिक्सच्या पानांचं. पण तेवढ्यावरून कुंडीतली पानं तोडून काढा करू नका. औषधात अर्काचं प्रमाण मोजलेलं असतं, कुंडीतल्या पानात नसतं. पानं-फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, आणि छाटताना रस लागून काहींच्या हातावर पुरळ येतं. हातमोजे घाला, आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंच टांगा.